फुकट वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला?

नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयाबाहेर एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय: "आधी उत्पन्नाचा दाखला काढा, मगच फुकट वकील मिळेल." आरोपी कोठडीत असेल तर हे साफ चूक. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतली व्यक्ती, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अटच नाही. नाशिकरोड कारागृहातल्या कच्च्या कैद्याच्या आईने त्यासाठी सेतूत ताटकळायचं कारण नाही. अर्ज तुरुंगातूनच जातो.

आणि हा फुकट मिळणारा वकील म्हणजे 'सरकारी वकील' नव्हे, तो तर समोरच्या बाजूने उभा असतो! विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या बचाव वकील योजनेतले (लीगल एड डिफेन्स काउन्सेल) वकील पूर्णवेळ नेमलेले असतात, त्यांना खासगी केसेस घेता येत नाहीत. पक्षकाराकडे कुणी पैसे मागितले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तक्रार करा. हेल्पलाइन १५१००.