कोलंबियाच्या घुमटावर तो झेंडा चढला कधी?

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या विधानभवनाच्या आवारातून १० जुलै २०१५ रोजी कॉन्फेडरेट झेंडा उतरवण्यात आला. दुरून हा वाद पाहणाऱ्याची सहज समजूत होते ती अशी, की यादवी युद्धात दक्षिणेकडची राज्यं हरली, तिथल्या लोकांनी पूर्वजांची आठवण म्हणून झेंडा जपला आणि आता नव्या पिढीच्या तो डोळ्यांत खुपू लागला. ही समजूत मुळातच चुकीची आहे. युद्ध संपलं १८६५ साली. राजधानी कोलंबियातल्या विधानभवनाच्या घुमटावर झेंडा चढला तो एप्रिल १९६१ मध्ये. मधल्या शहाण्णव वर्षांत राज्याला घुमटावर त्याची गरज भासली नव्हती. ती १९६१ मध्येच का भासली, हा या वादातला कळीचा प्रश्न आहे.

आधी मूळ झेंड्याविषयी. डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेतून फुटून निघणारं पहिलं राज्य साउथ कॅरोलायना. त्या वर्षीच्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे सात लाख होती आणि त्यातले चार लाखांहून अधिक लोक गुलाम होते. फुटण्याची कारणं राज्याने लेखी जाहीर केली. त्यात गुलामगिरीला उत्तरेकडून होणारा विरोध आणि पळून गेलेले गुलाम परत न मिळणं, या तक्रारी स्पष्ट शब्दांत आहेत. मार्च १८६१ मध्ये फुटलेल्या राज्यांच्या नव्या महासंघाचे, म्हणजे ‘कॉन्फेडरसी’चे, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी तर जाहीर भाषणात सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या शासनाची कोनशिला आहे. ‘युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, ते राज्यांच्या हक्कांसाठी होतं’ हे पालुपद नंतरच्या काळातलं. फुटणाऱ्यांनी स्वतः काहीही लपवलं नव्हतं.

आज ज्याला आपण कॉन्फेडरेट झेंडा म्हणतो, तो लाल जमिनीवर निळी फुली आणि तीत पांढरे तारे असलेला झेंडा त्या महासंघाचा अधिकृत राष्ट्रध्वज कधीच नव्हता. पहिला राष्ट्रध्वज अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा. जुलै १८६१ मधल्या पहिल्या मोठ्या लढाईत धुरळ्यात आपलं कोण, परकं कोण ते कळेना. म्हणून सैन्यासाठी हे वेगळं रणनिशाण आलं. त्याचा आराखडा केला होता साउथ कॅरोलायनाच्याच विल्यम पोर्चर माइल्स यांनी. पराभवानंतर ते मुख्यतः माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, स्मृतिदिनांना आणि थडग्यांवर दिसत राहिलं.

त्याला उघड राजकारणात आणलं १९४८ सालाने. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काळ्यांच्या नागरी हक्कांचा विषय हाती घेतला, तेव्हा दक्षिणेतले काही डेमोक्रॅट पक्षातून बाहेर पडले आणि साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे उमेदवार झाले. त्यांनी चार राज्यं जिंकली. त्यांच्या सभांमध्ये हा झेंडा मुक्तपणे फडकत होता. एव्हाना त्याचा अर्थ मेलेल्या सैनिकांपुरता राहिला नव्हता.

मग शाळांचा प्रश्न आला. साउथ कॅरोलायनाच्या क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांसाठी बसगाड्या होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. मुलांना कित्येक मैल चालत शाळा गाठावी लागे. पालकांनी सुरुवातीला मागितली ती फक्त एक बस. ती नाकारली गेली आणि प्रकरण वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १७ मे १९५४ रोजी शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरली, त्या निकालात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी हा एक. दाव्यावर ज्यांचं नाव पहिलं होतं त्या ब्रिग्ज दांपत्यापैकी नवरा पेट्रोलपंपावर कामाला होता आणि बायको मोटेलमध्ये सफाईला. दोघांचीही नोकरी गेली. एक बस मागण्याची ही किंमत होती, आणि ज्या राज्याने ती वसूल होऊ दिली त्याच राज्याने पुढच्या काही वर्षांत घुमटावर झेंडा लावला, हे विसरून चालणार नाही.

निमित्त होतं युद्धाच्या शताब्दीचं. युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्सटनच्या बंदरात फोर्ट समटरवर डागली गेली होती. शताब्दीसाठी देशभरचे प्रतिनिधी चार्ल्सटनला येणार होते. न्यू जर्सीच्या शिष्टमंडळात मॅडलिन विल्यम्स ही काळी सदस्य होती. बैठकीच्या हॉटेलात तिला खोली मिळणार नाही, असं कळवण्यात आलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींना मध्ये पडावं लागलं आणि बैठक नौदलाच्या तळावर हलवली गेली. दक्षिणेच्या प्रतिनिधींनी आपली वेगळी बैठक त्याच हॉटेलात घेतली. याच दिवसांत आमदार जॉन मे यांच्या पुढाकाराने घुमटावर झेंडा चढला. मार्च १९६२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. शताब्दीचा सोहळा संपल्यावर झेंडा उतरवायचा कधी, याबद्दल ठरावात अवाक्षर नव्हतं. सोहळे संपले, झेंडा राहिला.

शेजारच्या राज्यांत वेगळं काही घडत नव्हतं. जॉर्जियाने १९५६ मध्ये आपल्या राज्यध्वजातच हे निशाण घातलं. अलाबामात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी एप्रिल १९६३ मध्ये ते विधानभवनावर चढवलं, तेही देशाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी भेटीला आले त्याच सुमारास. मिसिसिपीच्या राज्यध्वजात मात्र ते १८९४ पासूनच होतं.

झेंड्याच्या बाजूने बोलणारे सगळे द्वेषाने पेटलेले होते असं म्हणणं बरोबर नाही. कित्येकांचे पणजोबा, खापरपणजोबा गरीब शेतकरी होते. त्यांच्याकडे गुलाम नव्हते, ते लढायला गेले आणि परत आले नाहीत. ‘वारसा, द्वेष नव्हे’ ही घोषणा अशा घरांतून मनापासून दिली जाते. पण त्या घरांनी अंगणात काय लावावं हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत ती मोकळीक आहे, आणि अटलांटा किंवा शार्लटला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही प्रवासात महामार्गालगतच्या खासगी जमिनीवर हा झेंडा फडकताना दिसतो. विधानभवनावरचा झेंडा मात्र राज्याच्या नावाने बोलतो. त्या राज्यात गुलामांचे वंशज राहतात, कर भरतात, मत देतात. टेक्सासमध्ये वाहनांच्या नंबरप्लेटवर हे निशाण मागणाऱ्या संघटनेचा दावा सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला, तो याच मुद्द्यावर: प्लेटवर जे छापलं जातं ते शासनाचं बोलणं, आणि काय बोलायचं नाही हे शासन ठरवू शकतं. मला ही भूमिका पूर्णपणे पटते.

घुमटावरचा झेंडा काढायचे प्रयत्न बरेच झाले. रिपब्लिकन गव्हर्नर डेव्हिड बीझली यांनी १९९६ मध्ये तसं आवाहन केलं, ते फसलं आणि १९९८ ची निवडणूकही ते हरले. मग काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या जुन्या संघटनेने १ जानेवारी २००० पासून राज्याच्या पर्यटनावर बहिष्कार पुकारला. त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग दिनाला कोलंबियाच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला. मे महिन्यात तडजोड झाली. १ जुलै २००० रोजी झेंडा घुमटावरून उतरला आणि त्याच आवारात सैनिकांच्या स्मारकापाशी तीस फुटी काठीवर चढला. उंचावरून निघून तो रस्त्यावरून जाणाऱ्याच्या समोर आला. शिवाय ‘हेरिटेज ॲक्ट’मध्ये अट घातली गेली, की यात बदल करायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. माझ्या मते झेंड्याच्या जागेपेक्षा ही अट जास्त जाचक होती.

ती किती जाचक, हे जून २०१५ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. १७ जूनच्या रात्री चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या वाचनाला बसलेल्या नऊ काळ्या नागरिकांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. याच झेंड्यासोबत काढलेले त्याचे फोटो पुढे आले. मृतांमध्ये चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंक्नी होते. विधानभवनावरचे देशाचा आणि राज्याचा हे दोन्ही झेंडे शोक म्हणून अर्ध्यावर आणले गेले. कॉन्फेडरेट झेंडा पूर्ण उंचीवरच राहिला, कारण विधिमंडळाशिवाय त्याला हात लावायचा अधिकार कोणालाच नव्हता. २४ जूनला पिंक्नींची शवपेटी घोडागाडीतून अंत्यदर्शनासाठी विधानभवनात आणली, तेव्हाही तो फडकतच होता.

अमृतसरहून आलेल्या पंजाबी आईवडिलांच्या कन्या गव्हर्नर निकी हेली यांनी त्याआधीच, २२ जूनला, झेंडा हटवण्याची मागणी केली होती. २७ जूनला ब्री न्यूसम ही काळी तरुणी सरळ काठीवर चढली आणि तिने तो काढला. तिला अटक झाली आणि थोड्याच वेळात झेंडा पुन्हा लागला. सिनेटमध्ये स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव पॉल थर्मंड यांनी झेंडा उतरवण्याच्या बाजूने भाषण केलं. प्रतिनिधीगृहात दुरुस्त्यांवर दुरुस्त्या येत राहिल्या, चर्चा तेरा तासांहून जास्त चालली आणि ९ जुलैच्या पहाटे ९४ विरुद्ध २० मतांनी विधेयक संमत झालं. दुसऱ्या दिवशी झेंडा उतरवून संग्रहालयाकडे गेला. मिसिसिपीने २००१ च्या जनमतात जुना ध्वज राखला होता. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनात, तिथल्या विधिमंडळाने तो रद्द केला.

साउथ कॅरोलायनाचा हेरिटेज ॲक्ट मात्र शाबूत आहे आणि सरकारी जागेतले पुतळे, रस्त्यांची नावं त्याच्या संरक्षणाखाली आहेत. काळ्यांचा मताधिकार हिरावून घेण्यात पुढाकार असलेल्या बेन टिलमन यांचा पुतळा विधानभवनाच्या आवारात उभा आहे. या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांमध्ये क्लेमेंटा पिंक्नी यांच्या पत्नी जेनिफर होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला आणि दोन तृतीयांश मतांची अट रद्द केली. त्यामुळे आता बदलाला साधं बहुमत पुरेसं आहे.