साठला थरथरणारी जीप

सातपुड्यात चालणाऱ्या जीपांचं एक ठरलेलं दुखणं आहे. तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावपर्यंत, खड्ड्यांतून आणि नाल्यांतून गाडी बिनतक्रार जाते. तीच गाडी खाली सपाटीच्या चांगल्या रस्त्याला लागली की ताशी ५५-६० किलोमीटरला सीटखालून थरथर सुरू होते, आरशातलं दिसणं पुसट होतं, डॅशबोर्ड गुणगुणू लागतो. ‘साठवर गई का गाडी थरथरस’ एवढीच तक्रार घेऊन मालक गॅरेजात येतो. मिस्त्री चाकांचं बॅलन्सिंग करून घ्यायला सांगतो. ते झालं की पुढचे टायर मागे, मागचे पुढे. मग शाफ्टचा क्रॉस, म्हणजे दोन दांडे कोनात जोडणारा अधिकच्या आकाराचा सांधा, बदलतो. दर खेपेला पैसे जातात आणि थरथर जागच्या जागी राहते.

माझं म्हणणं असं, की पाना हातात घेण्याआधी थरथर मोजावी. गाडीतला प्रत्येक फिरता भाग आपापल्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची थरथर सेकंदाला ठरावीक वेळाच होते. तो आकडा हाती आला की दोष कुठे शोधायचा हे बरंचसं ठरून जातं. आणि तो काढायला शाळेतलं गणित पुरतं.

उदाहरणासाठी एक जीप घेऊ. टायर २३५/७० आर १६. रिमचा व्यास १६ इंच, म्हणजे ४०६ मिलिमीटर. टायरची उंची २३५ च्या ७० टक्के. ती वर-खाली दोन्हीकडे धरली की चाकाचा व्यास होतो ७३५ मिलिमीटर आणि घेर सुमारे २.३१ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला ७.२ फेरे मारतं. मागच्या हौसिंगमधलं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी पेटीतलं, क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचं प्रमाण ४ धरू; मग चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंतचा लांब दांडा, चारदा फिरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २९ वेळा. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस कोनात काम करत असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात तो दोनदा हिसका देतो. सेकंदाला ५८.

तर या जीपसाठी साठच्या वेगाला आपले आकडे आहेत ७, २९ आणि ५८. यंत्र नसलं तरी शरीराला त्यांच्यातला फरक समजतो. बसलेल्या माणसाचं शरीर खालून येणाऱ्या ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या, कंपनाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं, म्हणून चाकाचा दोष पोटात हेलकावा आल्यासारखा जाणवतो. पुढच्या चाकाचा असेल तर स्टिअरिंग डोळ्यांना हलताना दिसतं. २९ चा दबका घुमारा असतो. ५८ ला तळपायांना आणि हातांना मुंग्या येतात, पत्रा गुणगुणतो. आपल्या जीपच्या लक्षणांत पुसट आरसा आणि गुणगुणता डॅशबोर्ड होता, म्हणजे खूण ५८ ची, चाकाची नव्हे. बॅलन्सिंगने फरक न पडण्याचं कारण तिथेच सांगितलेलं होतं.

अर्थात चाक निर्दोष ठरवण्याआधी रिमच्या आत हात घालून बघावा, खानदेशात तर नक्कीच. तापीकाठची काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजाने भरलेली आहे. पावसाळ्यात ती रिमला आतून चिकटते आणि उन्हात कडक होते. असा २०० ग्रॅमचा गोळा अक्षापासून २० सेंटिमीटरवर बसला, तर साठच्या वेगाला तो चाकाला जवळपास ८ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला सात वेळा दिशा फिरवते. वेग ९० केला की जोर सव्वादोन पट. शाफ्टवर तर ५० ग्रॅम चिखलही पुष्कळ झाला, कारण शाफ्ट चौपट वेगाने फिरतो. वॉशिंग करताना गाडीखालचा शाफ्ट पुसून घेतला एवढ्यावर काही थरथरी गेलेल्या असतात.

आता खरा गोंधळ. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. चौथा गिअर थेट, म्हणजे १ ला १ असेल, तर इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात. साठला इंजिन मिनिटाला सुमारे १७३० फेरे मारतं आणि स्फोटांची संख्याही सेकंदाला ५८ भरते! क्रॉसचा हिसका आणि इंजिनाचा ठोका एकाच आकड्यावर येऊन बसतात. इथे भलेभले फसतात आणि चांगली इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यांवर टेकतं ती रबरं) बदलली जातात.

दोघांना वेगळं करायचा मार्ग फुकटचा आहे. रस्ता सरळ आणि मोकळा बघून तोच साठचा वेग तिसऱ्या गिअरमध्ये धरायचा. तिसऱ्याचं प्रमाण दीड असेल तर इंजिन २६०० फेऱ्यांवर जातं, त्याचा ठोका सेकंदाला ८७ होतो. शाफ्टला मात्र गिअरशी देणंघेणं नाही, तो चाकांशी बांधलेला आहे. थरथरीचा सूर चढला तर इंजिन, क्लच किंवा फाउंडेशनकडे बघा. सूर तोच राहिला तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. नंतर गाडी न्यूट्रलवर घरंगळू द्यायची, पण इंजिन चालू ठेवूनच, नाहीतर ब्रेक जड होतो. न्यूट्रललाही थरथर राहिली तर उरले शाफ्ट, हौसिंग आणि चाकं.

हल्ली मोबाइलमधल्या कंपनमापकाने हे आकडे थेट बघता येतात. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधावा, हातात धरू नये. मात्र एक काळजी घ्यावी लागते. अ‍ॅप सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर त्याला ५० हर्ट्झच्या वरचं खरं दिसत नाही. ५८ चं कंपन तिथे ४२ म्हणून उमटू शकतं, आणि ४२ ला फिरणारा भाग आपण शोधत बसतो. सेकंदाला २०० नोंदी घेणारं अ‍ॅप असेल तर हा प्रश्न येत नाही.

क्रॉस एका फेऱ्यात दोनदाच का हिसका देतो, हे समजून घेण्यासारखं आहे. या जोडाला इटलीच्या कार्दानोचं नाव मिळालं, आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचंही. हा तोच हूक, ज्याचा स्प्रिंगचा नियम आपण शाळेत शिकतो. दोन दांडे एका रेषेत असतील तर काही अडचण नाही. ते कोनात असले की पुढचा दांडा एकसारखा फिरत असूनही मागचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ५ अंशांच्या कोनाला हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असतो, १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना सहा टक्क्यांच्या वर. सपाट सूर्यघड्याळावर तासांच्या रेषा सारख्या अंतरावर नसतात त्यामागेही हेच गणित आहे. जळगाव २१ अक्षांशावर आहे; तिथल्या सूर्यघड्याळाची सावली ९० वजा २१, म्हणजे ६९ अंश वाकवलेल्या क्रॉससारखी फिरते.

म्हणूनच शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात. पहिल्याने आणलेली असमानता दुसरा फेडतो. त्यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका पातळीत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. गिअरबॉक्समधून निघणारा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर असले की दुसरी अट आपोआप पुरी होते.

आपल्या जीपमध्ये मालकाने केळीच्या वाहतुकीसाठी मागच्या कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) पाटे वाढवले, वर गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल (कमानीचं मागचं टोक गाडीला जोडणाऱ्या पट्ट्या) घातले असं समजा. मूळचे दोन्ही कोन ५ अंश होते. मागचं अंग ७ सेंटिमीटर उचललं गेलं आणि मीटरभर लांबीचा शाफ्ट ४ अंशांनी जास्त उतरता झाला. पुढचा कोन झाला ९. मागचाही ९ व्हायला हवा होता, पण लांब शॅकलने कमानीचं मागचं टोक खाली ढकललं, हौसिंग फिरलं आणि पिनियनचं तोंड ३ अंश वर आलं. मागे उरले ६. फेड पुरी होत नाही. उरलेल्या हिसक्याचा जोर कोनांच्या वर्गांच्या वजाबाकीवर ठरतो: ८१ वजा ३६, म्हणजे ४५. गाडी भरली, मागून दबली, कोन ६ आणि ३ झाले, तर ३६ वजा ९, म्हणजे २७. भरलेल्या गाडीत थरथर कमी होते ती अशी, आणि ‘रिकामी असताना जास्त की भरलेली असताना?’ हा प्रश्न मिस्त्रीने पहिल्यांदाच विचारायला हवा.

हिसक्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. घाटात २५ च्या वेगाला तो साठच्या मानाने सहाव्या हिश्श्याएवढा असतो, त्यामुळे धडगावपर्यंत कुणाला काही कळत नाही. काही गाड्यांत मात्र थरथर साठ-सत्तरच्या मध्ये शिगेला पोचते आणि ऐंशीला ओसरते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका नेमक्या वेळी रेटला की उंच जातो, तसा पत्र्याचा किंवा हौसिंगचा स्वतःचा डोलण्याचा ठेका शाफ्टच्या ठेक्याशी तिथे जुळलेला असतो.

कोन मोजायला मोबाइलमधली पाणसळ चालते. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी हवी. जॅकवर उचलली की कोन बदलतात. गिअरबॉक्सकडचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती), शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज अशी तीन मापं घ्यायची आणि वजाबाकी करायची. त्याच वेळी क्रॉसच्या वाट्यांभोवती तांबूस भुकटी दिसते का बघावं. नाल्याच्या पाण्याने ग्रीस धुऊन गेलं की आतल्या सुयांना गंज धरतो, त्याची ती खूण. फोर बाय फोर गाडीत पुढचे हब लॉक राहिले असतील तर पुढचा शाफ्टही फिरत असतो. ते सोडून एकदा चालवून पाहावं.

दुरुस्तीत बरेच जण हौसिंग आणि कमानीच्या मध्ये ३ अंशांची पाचर घालतात. त्याने कोन ९ आणि ९ होतात, फेड पुरी होते. तरीही मला तो उपाय अपुरा वाटतो, कारण मधला शाफ्ट स्वतः ९ अंशांचे हिसके खातच राहतो आणि क्रॉस लवकर झिजतो. मूळ शॅकल परत घालावेत, पाटे राहू द्यावेत. मग दोन्ही कोन साधारण ७ वर येतात, आणि केळीचा भार घ्यायला गाडी तयार राहते.

शाफ्ट उतरवायचा झाला तर आधी चाकांना पुढून-मागून दगड लावा. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून शाफ्टच्या वाटेवरच असतो, शाफ्ट निघाला की ब्रेकही गेला. आणि शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर पंचने समोरासमोर खूण करून ठेवा. परत बसवताना दात चुकले तर दोन्ही टोकांचे योक एका पातळीत राहत नाहीत, आणि कोन कितीही नीट असले तरी साठला थरथर पुन्हा हजर होते.