अळणी, खिम्याचे गोळे आणि पालेभाजी : एका इटालियन सूपचं विज्ञान

मटणाला तिखट पडण्याआधी पातेल्यातून जी वाटी बाजूला काढतात, ती अळणी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ती आधी लहान मुलांना आणि आजाऱ्याला मिळते. इटलीतल्या नेपल्सच्या ‘मिनेस्त्रा मारितात्ता’ या सूपचा पायाही हाच : मांसाचा बिनतिखटाचा रस, आणि त्यात भरपूर पालेभाजी. नावाचा अर्थ ‘लग्न लागलेलं सूप’. हे लग्न भाजीचं आणि मांसाचं. इटालियन लोक अमेरिकेत स्थायिक झाले तेव्हा तिथे त्याचं ‘वेडिंग सूप’ झालं आणि मांसाच्या तुकड्यांच्या जागी खिम्याचे छोटे गोळे आले. ज्यांच्या घरी अळणी होते, त्यांना हे सूप अवघड नाही. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात हवी. हाडांना तास लागतात, गोळ्यांना दहा मिनिटं आणि पाल्याला चारच. सगळं एकदम पातेल्यात घातलं की रस पातळ राहतो, गोळे चिवट होतात आणि भाजी काळपट पडते.

चौघांसाठी अर्धा किलो हाडं घ्यावीत : नळी, छातीचे तुकडे, मिळाला तर एखादा पाय. दीड लिटर थंड पाणी, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, बोटभर आलं, चिमूटभर हळद. मीठ आता नाही. पाणी थंड का, तर हळूहळू तापताना मांसातली विरघळलेली प्रथिनं गोठून फेसासारखी वर येतात आणि झाऱ्याने काढता येतात. हाडांभोवतीच्या पांढऱ्या चिवट भागात कोलॅजेन असतं. ते ७० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि रसाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच असल्याने इथे पाणी साडेसत्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून उघड्या पातेल्यात तीन तास धरावेत. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, तिथे शिट्टीनंतर मंद आचेवर ४५ मिनिटं पुरतात. शिट्टी उचलून वाफ मात्र सोडू नये. दाब एकदम उतरला की आतला रस खळाखळा उकळतो, चरबीचे बारीक थेंब त्यात मिसळतात आणि रस गढूळ होतो.

रस गाळून, निववून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी वर चरबीची पांढरी पापडी धरलेली असते. ती चमच्याने अख्खी उचलता येते, आणि सूप हलकं होण्यात सगळ्यात मोठा वाटा तिचाच. खालचा रस हलवून बघावा. तो जेलीसारखा थरथरला तर काम झालं. पाण्यासारखा वाहिला तर हाडं कमी पडली किंवा वेळ कमी पडला.

आता खिमा. ३०० ग्रॅम, खांद्याचा, यंत्रातून दोनदा काढलेला. सत्तूरने जाडसर कुटलेला खिमा रश्शाला चांगला, पण गोळ्याला नाही, कारण मोठे कण एकमेकांना धरत नाहीत. ब्रेडचे दीड स्लाइस ५० मिलिलिटर दुधात दहा मिनिटं भिजवून कुस्करावेत. बकऱ्याच्या मटणात चरबी मुळात कमी. साठ अंशांच्या पुढे मांसातली प्रथिनं आवळत जातात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. भिजलेल्या ब्रेडमधला स्टार्च त्यांच्या मध्ये बसतो, पाणी धरून ठेवतो, आणि गोळा मऊ राहतो. ब्रेड वगळून नुसत्या खिम्याचे गोळे केले तर ते रबरी होतात, मग कितीही शिजवा.

त्यात एक अंडं, किसून घट्ट पिळलेला छोटा कांदा, दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मूठभर बारीक कोथिंबीर, अर्धा चमचा मिरपूड, आवडत असेल तर थोडी भरडलेली बडीशेप, आणि पाऊण चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. कांदा चिरून घातला की गोळ्याला त्या जागी भेग पडते. मीठ इथे नुसतं चवीपुरतं नाही. ते मायोसिन हे स्नायूतलं प्रथिन विरघळवतं, आणि तेच खिम्याचा डिंक. मळायला लागल्यावर आधी खिमा बोटांतून सुटा सुटा निसटतो. मिनिटभरात तो बोटांना चिकटायला लागतो, उचलल्यावर मागे बारीक तंतू ओढले जातात. तिथेच थांबायचं. आणखी पाच मिनिटं मळलं तर जाळं इतकं घट्ट होतं की गोळा दातांखाली सॉसेजसारखा उसळतो. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं, मग ओल्या हातांनी १० ग्रॅमचे गोळे वळावेत. करवंदापेक्षा मोठा, आवळ्यापेक्षा जरा लहान, एवढा आकार. साधारण ४५ होतात.

आकाराचा हट्ट कशासाठी? गोळ्याची जाडी दुप्पट केली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला चौपट वेळ लागतो. आणि खिमा मध्यापर्यंत शिजायलाच हवा. अखंड तुकड्यावर जिवाणू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात, पण यंत्रातून काढताना ते आतपर्यंत मिसळतात. गोळ्याच्या मध्यावर किमान ७१ अंश हवेत, चिकनचा खिमा असेल तर ७४. गोळा वर तरंगला म्हणजे शिजला, हे खरं नाही. आतला गुलाबी रंग गेला, एवढ्यावरही विसंबू नये.

रस उकळवून आच मंद करावी. तळातून एखाददुसरा बुडबुडा येत राहील, पण पृष्ठभाग हलणार नाही, म्हणजे ८५ ते ९० अंश. आधी एकच गोळा सोडून चव आणि पकड तपासावी. तो फुटला तर मिश्रणाला आणखी अर्धा मिनिट मळणं हवं असतं. मग बाकीचे सोडून दहा मिनिटं, ढवळल्याशिवाय. तळून लाल केल्याने वास वाढतो हे खरं, पण तेलही तेवढंच वाढतं, आणि रस चांगला असेल तर त्याची गरज भासत नाही.

पाला २५० ग्रॅम. इटलीत या सूपला किंचित कडवट भाज्या घालतात, म्हणून नुसता पालक गोडसर आणि सपक लागतो. दोन भाग पालक किंवा राजगिरा आणि एक भाग मेथी, हे प्रमाण आम्हाला सगळ्यात जवळचं वाटतं. चाकवतही चालेल. अंबाडी, म्हणजे कानडीतली पुंडी, इथे नको. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि पानं शेवाळी तपकिरी होतात. पाल्याची स्वतःची आम्लंही असतात, त्यामुळे झाकण उघडं ठेवून तीन-चार मिनिटंच शिजवावं, आणि लिंबू पिळायचं ते ताटलीत. रंगासाठी सोडा घालणं सगळ्यात वाईट : पानं लिबलिबीत होतात, क आणि ब-१ जीवनसत्त्वं नष्ट होतात.

लिंबू केवळ चवीला नाही. पालेभाजीतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही. सोबत क जीवनसत्त्व आणि मांस असलं की ते जास्त शोषलं जातं. भाजी-मांसाच्या लग्नाचा हा खरा फायदा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक आणि राजगिरा आधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून ते पाणी फेकावं, म्हणजे विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं निघून जातं. मेथीला त्याची गरज नाही.

शेवटी धान्य. अमेरिकेत बारीक पास्ता घालतात. पण इटलीत जो ‘फार्रो’ सूपमध्ये पडतो, तोच आपला खपली गहू, ज्याची खीर आणि हुग्गी या भागात घरोघरी होते. ८० ग्रॅम खपलीची भरड अर्धा तास भिजवून वेगळ्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवावी आणि वाढताना वाटीत घालावी. रसातच शिजवली तर ती रस पिऊन टाकते. गव्हातल्या ग्लूटेनचा त्रास असणाऱ्यांना खपलीही चालत नाही. त्यांनी त्याऐवजी भात घ्यावा, आणि गोळ्यांतल्या ब्रेडच्या जागीही कुस्करलेला भातच घालावा.

रसात मीठ ५ ग्रॅम. गोळ्यांतलं धरून दर माणशी सुमारे २.४ ग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे, म्हणून यात तयार सूपच्या वड्या घालू नयेत. वरून किसलेलं चीज हवंच असेल तर रसातलं मीठ निम्मं करावं.

उरलं तर गोळे आणि रस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावेत, दोन दिवसांत संपावेत. पाला मात्र सगळा एकदम घालू नये. जेवढ्या वाट्या वाढायच्या तेवढाच घालावा, आणि दुसऱ्या दिवशी रस पुरता उकळल्यावर ताजा टाकावा.