मद्यप्राशन करून वाहन चालवल्यास होणारी शिक्षा : न्यायालय, परवाना आणि लागणारी कागदपत्रे

नाकाबंदीत सापडलो तर दहा हजार भरून सुटता येते, असा समज सर्रास आढळतो आणि तो लोकांना महागात पडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ खालील गुन्हा जागेवर दंड भरून मिटवता येत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच जाते. शिवाय दंडापेक्षा जास्त झळ वाहन चालवण्याचा परवाना गमावल्याने बसते, आणि ज्याचे पोट रिक्षा, टॅक्सी किंवा ट्रकवर आहे त्याच्यासाठी तर तीच खरी शिक्षा असते.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा घडतो. वाहन प्रत्यक्ष चालवलेच पाहिजे असे नाही, चालवण्याचा प्रयत्नही पुरेसा आहे. अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असणे, हा निकष आहे. संशयाला वाजवी कारण असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासचाचणी घेऊ शकतात. यंत्राला नवी नळी लावली आहे ना, हे पाहूनच फुंकावे आणि निघालेल्या चिठ्ठीवर सही करण्याआधी तिच्यावरील आकडा, तारीख व वेळ वाचून घ्यावी. न्यायालयात पुढे याच चिठ्ठीवर बोट ठेवले जाते. सबळ कारणाशिवाय चाचणी नाकारल्याने सुटका होत नाही. उलट, तो नकार खटल्यात पुरावा म्हणून वापरता येतो. या कलमाखाली अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, अन्यथा त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते. स्त्रीच्या रक्ताचा नमुना स्त्री डॉक्टरने किंवा दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचा असतो. हे हक्क ठाऊक असणे म्हणजे पळवाट शोधणे नव्हे.

पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर दुसऱ्या वा त्यापुढील गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत. या गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्यालाही कलम १८८ नुसार तीच शिक्षा होऊ शकते, त्यामुळे मित्र प्यायलेला आहे हे माहीत असूनही त्याच्या हाती आपल्या गाडीची किल्ली देणाऱ्याने हे कलम अवश्य वाचावे.

परवान्यावरील कारवाई दोन वेगळ्या वाटांनी होते आणि घोटाळा नेमका इथेच होतो. पोलीस परवाना जप्त करून तात्पुरती पोच देतात आणि तो आरटीओकडे पाठवतात. त्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. आरटीओ संबंधिताचे म्हणणे ऐकून घेऊन, पहिला गुन्हा असल्यास तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकते आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास परवाना रद्द करू शकते. दुसरीकडे, दोष सिद्ध झाल्यावर कलम २० नुसार न्यायालयाला किमान सहा महिन्यांची अपात्रता ठरवावीच लागते. म्हणून आरटीओचे तीन महिने संपले की मोकळे झालो, असे गृहीत धरू नये. अपात्रतेच्या काळात वाहन चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

गुन्हा जामीनपात्र आहे. जामिनासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मागितल्यास जामीनदार व त्याची कागदपत्रे लागतात. न्यायालयाच्या तारखेला समन्स, परवाना जप्तीची पोच, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी सोबत ठेवावे. गाडी ताब्यात घेतली गेली असल्यास ती नोंदणीकृत मालकाने अर्ज करून सोडवून घ्यावी लागते. मालक स्वतः येऊ शकत नसेल तर त्याचे अधिकारपत्र जोडावे. गुन्हा कबूल करून पहिल्याच तारखेला प्रकरण संपवण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा, कारण कबुलीनंतरच्या अपिलात साधारणपणे केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यांवरच दाद मागता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

कोणाचा जीव गेल्यास प्रकरण कलम १८५ पुरते राहत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार जाऊन सात जण मृत्युमुखी पडले. त्या चालकाला सदोष मनुष्यवधासाठी झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली.

आरटीओच्या आदेशाविरुद्ध तो मिळाल्यापासून ३० दिवसांत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात जाते आणि त्यालाही ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत मिळावी यासाठी त्याच दिवशी अर्ज करावा. आरटीओने ठरवलेली अपात्रतेची मुदत संपली तरी परवाना आपोआप परत मिळत नाही. मान्यताप्राप्त मोटार प्रशिक्षण संस्थेत चालकांसाठीचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र आरटीओत सादर करावे लागते.