‘शरियत आणा’ म्हणणाऱ्यांच्या मागचा इतिहास

जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि महाराष्ट्र पेटला. तेव्हा राज ठाकरे यांनी, अशा नराधमांसाठी शरियतसारखा कायदा हवा, त्यांचे हातपाय तोडले पाहिजेत, अशी मागणी केली. वाक्य गाजलं. एरवी आपल्याकडच्या राजकारणात शरियत हा शब्द आरोप म्हणूनच येतो, समान नागरी कायद्याच्या वादात तर हमखास. बलात्काराची बातमी आली की मात्र तोच शब्द रामबाण औषध होतो.

मुळात भारतात शरियत म्हणून जे उरलं आहे त्यात फौजदारी काहीच नाही. १९३७ चा शरियत कायदा लग्न, तलाक, मेहर, वारसा अशा घरगुती बाबींपुरता आहे. पण एके काळी फौजदारी भागही इथे लागू होता, आणि तोही हिंदू-मुसलमान सगळ्यांना. कंपनी सरकारने बंगालचा कारभार हाती घेतल्यावर मुघलांच्या काळापासून चालत आलेला इस्लामी फौजदारी कायदाच पुढे चालवला. कोर्टात काझी-मुफ्ती बसत, फतवा देत. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने १७९१ मध्ये अवयव तोडण्याची शिक्षा बंद केली. तिच्या जागी जो हिशोब बसवला तो चक्रावून टाकणारा आहे: एक अवयव तोडायचा असेल तर सात वर्षं सक्तमजुरी, दोन असतील तर चौदा! मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेने स्वतंत्र फौजदारी कायदा आणला. १८६० चा दंडविधान १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला आणि विषय संपला.

इंग्रजांची त्या कायद्याबद्दलची तक्रार मात्र आजच्या ऐकणाऱ्याला उलटी वाटेल. तो क्रूर आहे, हे ते म्हणतच. पण त्याहून मोठं दुखणं असं की त्यातून गुन्हेगार सुटतात. खुनात मयताच्या वारसांनी माफी दिली की फाशी टळायची. ही सवलत कंपनीने काढून घेतली. या कायद्यात ‘हद्द’ म्हणजे ठरावीक कडक शिक्षा. तिचा पुरावाही तितकाच कडक. चोरीचा माल ठरावीक किमतीचा हवा, बंदोबस्तातल्या जागेतून उचललेला हवा. शंका आली की हद्द टळली. दुष्काळात खलिफा उमर यांनी चोरांचे हात तोडणं थांबवल्याची परंपरा तर इस्लामी कायद्याच्या चर्चेत नेहमी सांगितली जाते. व्यभिचाराच्या हद्दीसाठी प्रत्यक्ष कृत्य पाहिलेले चार पुरुष साक्षीदार लागतात. आपल्या पुढाऱ्यांना कुऱ्हाड तेवढी हवी असते, तिच्यासोबतचा साक्षीपुराव्याचा ग्रंथ त्यांनी उघडलेलाही नसतो.

हा ग्रंथ बलात्काराला लावला की काय होतं, ते पाकिस्तानने दाखवलं. तिथले लष्करशहा झिया-उल-हक यांनी १९७९ मध्ये हुदूद (‘हद्द’चं अनेकवचन) अध्यादेश काढले. बलात्कार आणि व्यभिचार एकाच अध्यादेशात आले. जबरदस्ती सिद्ध झाली नाही तर तक्रार करणारीच अडकायची, कारण तिचं गरोदरपण हाच संबंधाचा पुरावा. एका अंध मुलीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं: आरोपी सुटले, तिला कैद, फटके आणि दंड. देशभर आणि बाहेरही ओरड झाली, तेव्हा १९८३ मध्ये फेडरल शरियत कोर्टाने तिची शिक्षा रद्द केली. बलात्काराचा गुन्हा तिथल्या साध्या दंडसंहितेत परत यायला २००६ उजाडलं.

आपल्या पुढाऱ्यांची जीभ दुसऱ्या बाजूलाही घसरते. ‘लडके हैं, गलती हो जाती है’ हे मुलायमसिंह २०१४ मध्ये बलात्काराच्या फाशीला विरोध करताना बोलून गेले. खरं तर फाशीला विरोध करण्याची शहाणी कारणं त्याआधीच वर्षभर दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालात लिहून ठेवलेली होती, ती त्यांना सुचली नाहीत. समितीने फाशी नाकारली. सरकारने मात्र काही दिवसांतच अध्यादेशाने काही प्रकारांसाठी ती आणली. महाराष्ट्रातलं बलात्काराला फाशीची तरतूद करणारं शक्ती विधेयक याच वाटेवरचं: डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर, पुढे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अडकलेलं. कोपर्डीच्या खटल्याचा निकाल मात्र चालू कायद्यानेच सोळा महिन्यांत लागला, नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी.

हातपाय तोडण्यासाठी शरियतपर्यंत जायचीही गरज नाही. पुण्यात १७९१ मध्ये, म्हणजे कंपनीने बंगालात अवयव तोडणं बंद केलं त्याच वर्षी, घाशीराम कोतवालाला जमावाच्या हवाली करून दगडांनी ठेचून मारलं. आणि सभांमध्ये हमखास निघतो तो रांझ्याच्या पाटलाचा चौरंगा, म्हणजे शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडल्याचा किस्सा. त्याबद्दलचं शिवकालीन पत्र उपलब्ध आहे. त्यात गुन्हा ‘बदअमल’ (गैरवर्तन) एवढाच लिहिला आहे, तपशील लोकांनी नंतर भरला. शिक्षेनंतर पाटलाचाच एक नातलग पुढे आला, आपण याला सांभाळतो म्हणाला. त्याला दंड भरून पाटीलकी मिळाली आणि हातपाय नसलेला तो माणूस त्याच्या स्वाधीन झाला. पत्राचा हा उत्तरार्ध भाषणात मी अजून ऐकलेला नाही.