गावसत्तेची मुदत आणि अंकुश (कोकण)

गावचा कारभार ज्याच्या हाती असतो त्याने तो किती काळ चालवावा आणि तो चालवताना त्याला जाब कोणी विचारावा, हे ठरवणारी बंधने. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत या प्रश्नाला खोतीचा इतिहास आहे, म्हणून त्याचा विचार तिथूनच करावा लागतो.

खोत हा सरकारसाठी गावचा शेतसारा गोळा करणारा वतनदार. वतन वंशपरंपरेने चाले. सारा भरून उरेल ते खोताचे, त्यामुळे खळ्यावर भाताची रास पडली की अर्धेल कुळाचे अर्धे पीक तिथेच मोजून घेतले जाई. शिवाय वेठ, म्हणजे बिनमोबदल्याची सक्तीची मजुरी, वेगळी. खोतीचे वाटेकरी अनेक असले की गावची वहिवाट आलटून-पालटून एकेकाकडे येई. म्हणजे मुदत होती, पण ती खोतांच्या आपापसांत होती. पाळी बदलल्याने कुळाला काडीचाही फरक पडत नसे. कारभारी बदलणे आणि कारभाऱ्यावर अंकुश असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कोकणाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

हा अंकुश कुळांनी स्वतः निर्माण केला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला. परिसरातील पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले आणि उपासमार सोसून १९३९ पर्यंत ते निभावले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने.

आजची चौकट महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ ची आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षे. एकाच व्यक्तीने किती वेळा सरपंच व्हावे यावर बंधन नाही. भारतात आमदार, खासदार वा मुख्यमंत्र्यांवरही नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला १९५१ पासून घटनेने दोनदाच निवडून येता येते, तशी मर्यादा आपल्याकडे आली नाही. मात्र १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने सरपंचपदाचे आरक्षण फिरते केले, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे असलेले पद सुटले ते बव्हंशी यामुळे. बाईंच्या नावावर घरच्या पुरुषाने कारभार पाहण्याचे प्रकार घडले, तरी पहिल्यांदा निवडून आलेल्या कितीतरी जणी पुढे स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिल्या, आणि हे त्या आरक्षणाचे खरे यश मानायला हवे.

सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिल्या दोन वर्षांत अविश्वास ठराव आणता येत नाही. पुढे आणला तर तीन-चतुर्थांश सदस्यांची संमती पुरत नाही. ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. ज्यांनी निवडले त्यांनीच काढावे, हे योग्यच आहे.

रोजचा अंकुश मात्र ग्रामसभेचा, आणि कोकणात तो इथेच सैल पडतो. कोरमला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतील जी संख्या कमी असेल ती लागते. मतदारयादीतली निम्मी नावे मुंबईत किंवा विरारला राहत असतील, तर शाळेच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसे जमतात, कोरमअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग त्याच विषयांवर प्रोसिडिंग बुकात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. चाकरमानी गणपतीला नाहीतर शिमग्याला येतो तेव्हा रस्ता कोणी, कितीत केला हे विचारतो; तोवर बिल निघालेले असते. ग्रामनिधीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या सह्या लागतात, पण दोघांचे संगनमत झाले तर ही सोय लंगडी पडते. अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी ठरतो. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असल्याने मुंबईत बसूनही मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापे ज्यात नोंदवतात त्याची) नक्कल मागवता येते.

अधिकाऱ्यांसाठी राज्याचा बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. एका पदावर साधारण तीन वर्षे, आणि फाईल कोणत्याही टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, असे तो सांगतो.

मुदत संपल्यावर निवडणूकच झाली नाही तर काय होते, हे जिल्हा परिषदांनी दाखवले. मार्च २०२२ मध्ये रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील रखडलेल्या निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. एवढा काळ तालुक्याच्या प्रश्नावर सभागृहात उभे राहून विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. हे लोकशाहीचे मोठे नुकसान आहे.

कायद्याच्या चौकटीबाहेर गावकी, म्हणजे परंपरेने चालत आलेली गावाची व्यवस्था, असते. गावकार आणि मानकरी यांना मुदत नसते, निवडणूक नसते. देवस्थानचे मान आणि पालखीचा क्रम हा त्यांचा रास्त प्रांत आहे, आणि पाणवठ्यापासून स्मशानापर्यंत गावाची कितीतरी कामे गावकीनेच वर्गणी काढून केली आहेत. प्रश्न येतो तो एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले जाते तेव्हा. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी वारंवार आल्या. त्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि बहिष्कार ठरवण्यासाठी बैठक भरवणे हाही त्यात गुन्हा आहे.