दारू की शेतमाल? महाराष्ट्रातील वाइन उद्योगाची पार्श्वभूमी

सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मान्यता दिली आणि वादाला तोंड फुटले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, तर सरकारने द्राक्ष बागायतदारांचे हित पुढे केले. वाइनला दारू म्हणायचे की प्रक्रिया केलेला शेतमाल, हा या वादातला प्रश्न मात्र जुनाच आहे.

शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगाव येथे फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू केले, तेव्हा त्यांची नजर मुख्यतः परदेशी बाजारपेठेवर होती. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां या वाइनच्या द्राक्षजातींची लागवड केली. त्यांच्या ‘सुला’ या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्यानंतरच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरवले. धोरणाच्या नावात ‘वाइन’ नव्हे, ‘द्राक्षप्रक्रिया’ होती, हे पुरेसे बोलके आहे.

नाशिकच्या बागायतदाराला द्राक्षशेती शिकवावी लागली नाही. इथल्या उष्ण हवामानात वेल युरोपातल्यासारखा थंडीत झोपी जात नाही, म्हणून एप्रिलमधील खरड छाटणी आणि पावसाळा सरताना केली जाणारी फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी त्याचे वर्ष बांधावे लागते. तरच पीक पावसात न सापडता जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणीला येते. ही विद्या बागायतदाराच्या हातात होतीच. नवी होती ती जोखीम. थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षजातीच्या घडांना बाजारात भाव मिळाला नाही, तर निदान बेदाणा करता येतो. पण शिराझ या वाइनच्या द्राक्षजातीचा लहान, जाड सालीचा, बियांचा मणी हौसेने खाणार कोण? वायनरीने, म्हणजे वाइन बनवणाऱ्या कारखान्याने, माल नाकारला की दुसरे गिऱ्हाईकच उरत नाही.

सवलतींच्या भरवशावर लागवड वाढत असतानाच २००८-०९ची मंदी आली. नोव्हेंबर २००८ मधील मुंबई हल्ल्यानंतर पर्यटन आणि हॉटेल व्यवसायही थंडावला, वायनऱ्यांच्या टाक्यांत माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. विक्रीचा आणखी एक मार्ग खुला करण्यासाठी २०२२ मध्ये बागायतदारांचे नाव घेतले गेले, त्याच्या मागे ही घडामोड आहे.